नवे गाणे तीनदा वाजवा : सोलापुरातील उत्सव मंडळांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहरातील गणेशोत्सव, नवरात्रोत्सव, शिवजयंती व भीमजयंती मंडळांचे अध्यक्ष, उत्सवप्रमुख आणि कार्यकर्ते,
तसेच सर्व मध्यवर्ती मंडळांचे पदाधिकारी यांस

विषय : मांडवातील गाण्यांच्या कार्यक्रमांत नव्या गाण्यांना जागा देण्याबाबत

स. न. वि. वि.

आम्ही सोलापुरातल्या वाद्यवृंदांत वाजवणारे, गाणारे, चाली बांधणारे आणि मिक्सरवर बसणारे लोक. तुमच्या मांडवात रात्री जो तीन तासांचा कार्यक्रम होतो त्याची सुपारी आम्ही घेतो, गाण्यांची यादी आम्ही करतो, आणि त्या यादीतली जुनी गाणी वर्षागणिक वाढत चालली आहेत. हुतात्मा स्मृती मंदिरात किंवा फडकुले सभागृहात तिकीट काढून येणारा श्रोता आपल्या आवडीचे निवडूनच येतो. मांडवासमोर सतरंजीवर, दुकानाच्या पायरीवर, उभ्या गाडीवर बसून ऐकणारा श्रोता त्याहून कितीतरी मोठा आहे आणि त्याच्या कानावर काय पडायचे हे तुम्ही ठरवता. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिले आहे.

मागणी आधीच सांगतो. निवेदन आणि सत्कार धरून तीन तासांत २२ ते २५ गाणी होतात. त्यातल्या ४ जागा गेल्या दोन वर्षांत तयार झालेल्या गाण्यांना द्या. त्या चारांतले किमान १ गाणे सोलापूर शहरातल्या किंवा जिल्ह्यातल्या माणसाने लिहिलेले, बांधलेले असावे. आणि उत्सवाच्या सगळ्या रात्री तीच ४ गाणी वाजवा, शक्य तितक्या मंडळांनी ती एकाच सामायिक यादीतून घ्यावीत. बाकीची यादी जुनी राहिली तरी आमची तक्रार नाही. जुन्या गाण्यांवर आमचे घर चालते आणि ती आम्हाला मनापासून आवडतात.

जुने म्हणजे किती जुने, यावर आधी थोडे. अमेरिकेतल्या संगीत व्यवसायात प्रसिद्ध होऊन १८ महिने उलटले की गाणे जुन्या साठ्यात धरतात. या हिशोबाने तिथे २०२१ साली ऐकल्या आणि विकत घेतल्या गेलेल्या संगीतातला सुमारे ७० टक्के वाटा जुन्याचा होता. आदल्या वर्षी तो ६५ टक्क्यांच्या आसपास होता. आपल्याकडे गाण्याला सिनेमा पुढे ढकलतो, त्यामुळे हे आकडे सोलापूरला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण मांडवातल्या यादीला १८ महिन्यांची ही फूटपट्टी लावून पाहा. 'सैराट'ची गाणी आजही ‘नवीन’ या सदरात वाजतात. करमाळ्याच्या मातीतल्या दिग्दर्शकाचा तो चित्रपट आला २०१६ साली. त्यानंतर दहावीतला मुलगा नोकरीला लागला आणि त्याच्या वेळचे ‘नवीन’ गाणे अजून तेच आहे.

लोकांना जुनेच आवडते, नव्यात दम नाही, हे कारण कार्यकर्त्यांकडून नेहमी येते. त्यात काही अंशी तथ्य आहे. आजची बरीच गाणी तीन-चार सुरांत फिरतात, अंतरा नावालाच असतो, शब्द एकमेकांना चिकटवलेले वाटतात. आम्ही ती वाजवतो, त्यामुळे त्यांची उणीव आम्हाला श्रोत्यांपेक्षा जास्त जाणवते. पण तुलना कशाशी चालते तेही पाहा. १९६० च्या दशकातही सुमार गाणी ढिगाने निघाली. ती विसरली गेली आणि उरलेली निवडक शे-दोनशे आपण यंदाच्या एकूण एक गाण्यांसमोर उभी करतो. निवड होऊन आलेल्याची न निवडलेल्याशी तुलना केली तर निकाल ठरलेलाच असतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती जुनी गाणी लोकांच्या कानात कशी शिरली. गीतरामायण घ्या. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झाले. दर आठवड्याला एक नवे गीत, अशी वर्षाहून थोड्या अधिक काळात ५६ गीते. शुक्रवारी सकाळी नवे गीत लागायचे आणि तेच शनिवारी व रविवारी पुन्हा. म्हणजे एकही ओळ माहीत नसलेले गाणे तीन दिवसांत तीनदा घराघरात जायचे, तेव्हा कुठे पुढचे यायचे. माडगूळकरांचे शब्द आणि फडक्यांची चाल थोर होतीच, त्यात वाद नाही. पण आकाशवाणीने ती एकदाच वाजवून सोडून दिली असती तर लोकांनी आठवड्याभरात ती पाठ केली नसती. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर चालणारी बिनाका गीतमाला तर नव्या गाण्यांचीच होती. आज जी ‘सदाबहार’ म्हणून मागितली जातात ती तेव्हा दर आठवड्याला वर-खाली होणारी ताजी गाणी होती. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ मध्ये हेच प्रयोगांतून मांडले: एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. पहिल्या ऐकण्यात माणूस शब्द शोधत असतो. दुसऱ्यांदा चाल ओळखीची होते. तिसऱ्यांदा तो मुखड्यावर मान हलवतो. आज नव्या गाण्याला मांडवात एकदाच ऐकवले जाते आणि टाळी पडली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी यादीतून काढले जाते.

याचा धडधडीत पुरावा आपल्या शहरातच आहे. एप्रिल जवळ आला की नवी भीमगीते निघतात. दर वर्षी. नवे गीतकार, नवे गायक, नव्या चाली. १४ एप्रिलच्या आधीपासून ती वस्त्यांत वाजतात आणि मिरवणुकीपर्यंत पोरांना तोंडपाठ झालेली असतात. त्याच रात्री, त्याच मंचावर वामनदादा कर्डकांची गीतेही तितक्याच आदराने म्हटली जातात. जुन्याने नव्याला झाकले नाही, नव्याने जुन्याला बाजूला सारले नाही. कारण एकच, दर वर्षी नवे यायचेच अशी तिथे श्रोत्याची अपेक्षा आहे आणि मंडळेही आधीपासून ते वाजवतात. गणेशोत्सवाच्या आणि नवरात्राच्या मंडळांनी आपल्या शेजारच्या मंडळाकडून एवढे शिकावे अशी आमची विनंती आहे.

आता मंचावर नवे गाणे का पडते, ते सविस्तर सांगतो, कारण त्यातली बरीच कारणे दुरुस्त होण्यासारखी आहेत.

पहिले कारण सुरुवातीचे संगीत. जुन्या गाण्याला दहा-पंधरा सेकंदांचा वाद्यांचा तुकडा असतो. बासरीचे दोन सूर वाजले की शिट्ट्या सुरू होतात; गायकाने तोंड उघडण्याआधीच श्रोते त्याच्या बाजूचे झालेले असतात. आजचे गाणे मोबाइलसाठी बांधलेले असते. स्पॉटिफायसारख्या ॲपवर ३० सेकंद ऐकले तरच ते ऐकले म्हणून मोजले जाते. त्यामुळे संगीतकार पाचव्या सेकंदाला आवाज आणतो, नाहीतर ऐकणारा पुढे सरकतो. हेच गाणे मंचावर घेतले की श्रोता सावरून बसायच्या आत अर्धा मुखडा संपलेला असतो. उपाय सोपा आहे. मुखड्याचीच ओळ कीबोर्डवर किंवा बासरीवर चार आवर्तने वाजवायची, मग गायकाने सुरू करायचे. मूळ ध्वनिमुद्रणात नसले तरी चालते. तसेच शेवटाचे. ध्वनिमुद्रणात गाणे हळूहळू विरत जाते, मंचावर विरता येत नाही आणि वादक एकमेकांकडे बघत बसतात. शेवटची ओळ तीनदा घेऊन समेवर थांबायचे, हे तालमीतच पक्के करावे लागते.

दुसरे कारण पट्टी, म्हणजे गाणे ज्या मूळ सुरावर धरतात तो. पुरुष गायक साधारण पेटीवरच्या काळी एक-काळी दोनमध्ये मोकळा गातो, बाई काळी चार-काळी पाचमध्ये. नव्या गाण्यांची पट्टी मूळ गायकाच्या आवाजाला धरून असते आणि वरचे सूर यंत्राने सरळ केलेले असतात. ते ऐकून आपला गायक त्याच पट्टीत गायला जातो आणि दुसऱ्या अंतऱ्यात घसा ताणतो. वाद्यवृंद पूर्ण असेल तर कीबोर्डवाला पट्टी बदलतो, प्रश्न मिटतो. पण आता खर्च वाचवायला अनेक मंडळे मायनस ट्रॅकवर, म्हणजे गायकाचा आवाज वगळलेल्या तयार संगीतावर, कार्यक्रम करतात. तयार ट्रॅक सॉफ्टवेअरने दोन पट्ट्यांपेक्षा जास्त वर-खाली केला की ढोलकीचा आणि तालवाद्यांचा आवाज मातकट होतो, तारवाद्ये चिरकतात. म्हणून नवे गाणे देणाऱ्या संगीतकाराकडून दोन पट्ट्यांतले दोन मायनस घ्यायचे, एक पुरुषाच्या आवाजासाठी, एक बाईच्या. त्याच्या संगणकावर गाणे उघडेच असते तेव्हा हे अर्ध्या तासाचे काम आहे. नंतर मागितले तर बहुधा मिळत नाही.

तिसरे कारण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि त्याकडे कोणी लक्ष देत नाही. ते म्हणजे भोंगा. गल्लीभर लावलेला साधा भोंगा ३००-४०० हर्ट्झच्या खालचे, म्हणजे खर्जाकडचे, काही वाजवतच नाही. १९५०-६० च्या दशकातली ध्वनिमुद्रणे एकपदरी (मोनो), गायकाचा आवाज अगदी पुढे, वाद्ये मागे, आणि सगळा जीव मधल्या स्वरपट्ट्यांत. ती भोंग्यातून, छोट्या रेडिओतून, मोबाइलमधून अगदी स्वच्छ येतात. आजच्या गाण्याचा अर्धा जोर ४० ते १०० हर्ट्झमध्ये असतो. तो भोंग्यात नाहीसा होतो. उरते काय, तर झांजेसारखी चरचर आणि घुमत असलेला आवाज. शब्द कळत नाहीत. मग लोक म्हणतात, नव्या गाण्यात शब्दच नाहीत. शब्द असतात, तुमच्या भोंग्याने ते गिळलेले असतात. इथे दोन गोष्टी करायच्या. संगीतकाराकडून गायकाचा आवाज २ डेसिबल वर घेतलेले वेगळे मिश्रण (मिक्स) मागायचे. हे नेहमीचे काम आहे, त्यात विशेष काही नाही. आणि साउंडवाल्याला सांगून भोंग्याच्या लाइनवर ३०० हर्ट्झच्या खालचे कापून टाकायचे, घुमारा जवळजवळ शून्यावर आणायचा. खालचे कापल्याने भोंग्यातले युनिटही जळत नाही. मोठे सबवूफर फक्त मंचाजवळ असतील तर समोरच्या दहा रांगांना आणि कोपऱ्यावरच्या माणसाला दोन वेगळी गाणी ऐकू येतात, तेव्हा गाणे कसे वाटते ते एकदा कोपऱ्यावर जाऊन ऐका.

फाइलचेही तसेच. यूट्यूबवरून उतरवलेली, पुन्हा एमपीथ्री केलेली, नंतर व्हॉट्सॲपवर चार हात फिरलेली फाइल मोठ्या स्पीकरवर फाटते. जुन्या गाण्यात आपण ते खपवून घेतो, कारण मूळ गाणे आपल्या डोक्यात वाजत असते. नव्याच्या बाबतीत तीच फाइल म्हणजे गाण्याची पहिली ओळख. संगीतकाराकडून ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटची वेव्ह फाइल पेनड्राइव्हवर घ्या. व्हॉट्सॲपवर घ्यायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

मिरवणुकीतल्या बँजो पथकाची आणि ब्रास बँडची अडचण निराळी आहे. क्लॅरिनेट, ट्रंपेट, बँजो ही वाद्ये गायकाची ओळ वाजवतात. गाण्याचा अर्धा भाग रॅपसारखा बोललेला असेल किंवा एकाच सुरावर शब्द टाकलेले असतील तर वाजवणाऱ्याने वाजवायचे काय? म्हणून बँड जुन्याकडे वळतो आणि त्यात त्याची चूक नाही. मिरवणुकीसाठी नवे गाणे निवडताना शब्द बाजूला ठेवून मुखडा नुसता गुणगुणून बघा. शब्दांशिवाय ओळखता आला आणि चाल दीड सप्तकात बसत असली तर बँडला ते द्या. लेझीमसाठी आणखी एक अट. सोलापूरच्या मंडळांची लेझीम सलग चार घावांच्या लयीवर चालते. आजच्या नाचाच्या गाण्यांत मधेच लय अर्ध्यावर येते किंवा तालवाद्ये दहा सेकंद थांबतात. डीजेसमोर उड्या मारणाऱ्यांना ते आवडते, पण लेझीमच्या रांगेत पुढचा एक पाऊल चुकतो आणि मागचे पन्नास जण विस्कटतात. असा तुकडा आधी शोधून काढून टाकायचा, नाहीतर तिथे हलगी चालू ठेवायची.

गाण्याची जागा. नवे गाणे पहिले नको, कारण तेव्हा लोक येत असतात. शेवटचे नको, कारण दहाची वेळ झाली की यादीतून पहिली कात्री नव्यालाच लागते. सत्काराच्या आधी तर मुळीच नको, पाहुणे मंचावर चढत असतात आणि गाणे कोणी ऐकत नाही. दोन हमखास टाळीच्या गाण्यांमध्ये, चौथ्या-पाचव्या क्रमांकावर पहिले नवे ठेवा, बाकीची तीन नऊच्या आत उरकतील अशी पेरा. दोन नवी लागोपाठ ठेवू नका. गायकाला शब्द पाठ हवेत. मोबाइलवर बघून गाणाऱ्याची नजर खाली राहते आणि श्रोते त्याला सोडून देतात. जुन्या गाण्यात तो बघत नाही, म्हणून ते आपोआप चांगले होते.

निवेदकांनाही एक विनंती. ‘आता एक नवीन गाणं ऐकून घ्या’ असे म्हटले की लोक चहाला उठतात. त्याऐवजी मुखड्याची ओळ शांतपणे म्हणा, कोणी लिहिले, कोणी चाल लावली, कोणत्या पेठेतला किंवा गावातला माणूस आहे ते सांगा. सोलापुरात एवढे पुरते. आपल्या भागातल्या पोराचे गाणे म्हटल्यावर माणूस बसून राहतो. फर्माइशीच्या चिठ्ठ्यांचेही नियमन करा. चिठ्ठ्यांत माणूस माहीत असलेलेच गाणे लिहू शकतो, माहीत नसलेले कसे मागणार? मध्यंतरानंतरच चिठ्ठ्या घ्या आणि नव्या गाण्यांच्या ४ जागा चिठ्ठीने हलणार नाहीत असे आधीच जाहीर करा.

पैशाची बाजू. आमच्याकडे दीडशेएक जुनी गाणी बसलेली असतात. लग्न, निवृत्ती, वाढदिवस, नवरात्र, सगळीकडे तीच चालतात. ओळखीची आठ-दहा गाणी एका तालमीत झाडून होतात. नव्या एका गाण्याला कीबोर्डवर आवाज लावायचे, ऑक्टोपॅडवर ठेके भरायचे, स्वरलेखन करायचे, आणि मग दोन तालमी. एवढे करून एक मंडळ ते एका रात्री वाजवणार आणि दुसरे मंडळ म्हणणार, नको. असे असताना कोणता वाद्यवृंद नवे बसवेल? म्हणूनच सामायिक यादी हवी. मध्यवर्ती मंडळाने १० नवी गाणी निवडायची, प्रत्येक मंडळाने त्यातली ४ घ्यायची. मग एका तालमीची मेहनत वीस-पंचवीस कार्यक्रमांवर वाटली जाते. आणि नवी पेठेतून साखर पेठेत दर्शनाला गेलेल्या माणसाला तेच गाणे पुन्हा ऐकू येते. गीतरामायणाला जे रेडिओने दिले ते इथे मंडळे देऊ शकतात. दिवसा आरतीनंतर मांडवात पेनड्राइव्ह चालूच असतो, त्यातही ही गाणी सकाळ-दुपार-संध्याकाळ टाका.

भाषेबद्दल. पूर्व भागात तेलुगू घराघरात आहे, अक्कलकोटच्या बाजूने कन्नड आहे, दख्खनी आहे. मार्कंडेय रथोत्सवाच्या दिवशी कोणत्या भाषेत भक्तिगीते वाजतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. तीही बहुतेक जुनीच, आणि आंध्र-तेलंगणातून आलेली. सोलापूरचा तेलुगू गीतकार सोलापूरच्या मंचावर आला पाहिजे. दहांच्या यादीत किमान दोन गाणी मराठीशिवाय असावीत. पेशवाईतले शाहीर राम जोशी सोलापूरचे. मराठी आणि संस्कृत एका रचनेत खेळवणारा माणूस या गावाने दिला आहे, आपल्याला दुसऱ्या भाषेचे वावडे असायचे कारण नाही.

ज्यांच्याकडे चाल आहे पण शब्द नाहीत अशा तरुण संगीतकारांसाठी संतांचे अभंग खुले आहेत. त्यांच्या शब्दांवर कोणाचा हक्क नाही. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. तुकोबांचे हजारो अभंग गाथेत आहेत, गायले जातात ते मोजके. न गायलेला अभंग घ्या, नवी चाल लावा. वृद्ध श्रोत्याला शब्दांची ओळख पटते, तरुणाला चाल ताजी लागते.

हक्कांचे थोडे नीट समजून घ्या, कारण त्यातही जुन्याला झुकते माप मिळते. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे असतो. म्हणजे १९६४ पर्यंत प्रकाशित झालेली मूळ ध्वनिमुद्रणे आता खुली आहेत आणि कोणीही ती इंटरनेटवर चढवतो. शब्द आणि चाल मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राखीव असतात. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. दुसऱ्याचे गाणे स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून काढायचे असेल तर मालकाच्या मर्जीशिवाय, ठरलेली रक्कम भरून परवाना मिळतो, पण पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे उलटल्यावरच. मोबाइलवर सतत जुन्याच गाण्यांच्या नव्या आवृत्त्या दिसतात, त्याचे हेही एक कारण आहे. मोठ्या कंपन्यांचा पैसाही जुन्या साठ्यातच आहे. सारेगामाने २०१७ मध्ये ५००० जुनी गाणी भरलेला रेडिओसारखा डबा बाजारात आणला आणि तो घरोघरी गेला.

मंचावर गाणी गायली तर गीतकार-संगीतकारांच्या हक्कासाठी आयपीआरएसचा, म्हणजे त्यांच्या हक्कसंस्थेचा, परवाना लागतो. ध्वनिमुद्रण वाजवले तर ध्वनिमुद्रणाच्या मालकाचाही लागतो, आणि तो बहुतेक वेळा पीपीएल या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संस्थेकडून घ्यावा लागतो. खऱ्या धार्मिक विधीला कायद्यात सूट आहे, पण त्याच मांडवातल्या रात्रीच्या वाद्यवृंदालाही ती लागते असे धरून चालू नका. स्थानिक गीतकार आयपीआरएसचा सदस्य असेल तर सादरीकरणाचा हक्क त्याने संस्थेकडे दिलेला असतो, त्याची नुसती चिठ्ठी पुरत नाही. सदस्य नसेल तर गीतकार, संगीतकार, गायक आणि ध्वनिमुद्रणाचा मालक या चौघांचे लेखी संमतीपत्र घ्या. चौघेही एकच माणूस असला तरी चार ओळी वेगळ्या लिहून घ्या. कार्यक्रम झाल्यावर वाजवलेल्या गाण्यांची यादी, गीतकार-संगीतकारांच्या नावांसह, परवाना देणाऱ्या संस्थेला पाठवा. हे काम बहुतेक मंडळे करत नाहीत. यादी गेली नाही तर तुम्ही भरलेल्या पैशातला वाटा नव्या माणसापर्यंत नेमका पोहोचत नाही. स्पॉटिफायवर वर्षाला १००० वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला तर २०२४ पासून ध्वनिमुद्रणापोटी एक पैसाही मिळत नाही. पहिल्या हजारासाठी झगडणाऱ्याला तुमच्या दहा रात्रींचा आधार किती मोठा आहे ते यावरून कळेल. मांडवाच्या दाराशी त्या ४ गाण्यांचे क्यूआर कोड असलेला एक फलक लावा, म्हणजे ऐकून आवडलेला माणूस घरी जाऊन गाणे शोधू शकेल. नाव विसरले की गाणे गेलेच.

वेळापत्रक आम्ही असे सुचवतो. अक्षय्य तृतीयेला आवाहन करा. आषाढी एकादशीपर्यंत गाणी घ्या: वेव्ह फाइल, दोन पट्ट्यांतले मायनस, आवाज वर घेतलेले मिश्रण, टंकलिखित शब्द, पट्टी आणि लय लिहिलेला कागद, संमतीपत्र. यातले काही कमी असेल तर परत पाठवा, पण काय कमी आहे ते सांगून पाठवा. गुरुपौर्णिमेच्या आठवड्यात निवड. निवडणाऱ्यांत एक वादक, एक गायिका, एक साउंडवाला, एक लेझीमचा प्रमुख आणि दोन कॉलेजची मुले असावीत. गाणी नाव झाकून, भोंग्यावर आणि मोबाइलवर दोन्हीकडे ऐकावीत. नागपंचमीला १० गाण्यांचा पेनड्राइव्ह सर्व वाद्यवृंदांना आणि बँड पथकांना द्या. तिथून गणेश चतुर्थीपर्यंत साधारण महिना मिळतो, तालमीला तो पुरतो. नवरात्रात तीच यादी चालवा, बदलू नका.

आमच्या बाजूने आम्ही एवढे लेखी देतो. या यादीतल्या गाण्यांच्या तालमीचे वेगळे पैसे आम्ही घेणार नाही. गाण्याला मंचासाठी सुरुवात आणि शेवट आम्ही बांधून देऊ. आलेल्या फाइल तपासून, पट्टी आणि लय मोजून द्यायला आमच्यातली माणसे आषाढात मोकळी असतात. भोंग्यांच्या लाइनची जुळणी मूर्ती बसण्याच्या आदल्या दिवशी करून देऊ. मध्यवर्ती मंडळांनी अक्षय्य तृतीयेच्या आत एक बैठक बोलवावी आणि पहिल्या वर्षी निदान दहा मंडळांची नावे या यादीखाली यावीत, ही विनंती.

कळावे,
आपले,
सोलापुरातील वाद्यवृंदांतले वादक, गायक, संगीत संयोजक आणि ध्वनिव्यवस्था पाहणारे कारागीर